लिबराची: लेन्सकडे बघणारा पियानोवादक

तुमचा प्रश्न असा आहे: १९५० च्या दशकात अमेरिकेत घराघरांत पोचलेला पियानोवादक लिबराची टीव्हीवर एवढा मोठा झाला कसा, आणि नंतर तो खाली आला तो समलिंगी असल्याची कुजबुज सुरू झाली म्हणून का? मी तीसेक वर्षं टीव्हीसाठी संगीताचे कार्यक्रम मल्टिकॅमवर, म्हणजे एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून, केले. त्यामुळे माझं उत्तर पीसीआरमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या नियंत्रण कक्षात, बसून समोरच्या मॉनिटरांकडे बघणाऱ्या माणसाचं आहे, संगीत समीक्षकाचं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बघणाऱ्यांनी लिबराचीला कधी टाकलं असं मला वाटत नाही. ‘याला जरा साधा करू या, म्हणजे लोक बोलायचे थांबतील’ असं ज्यांना वाटलं, त्यांनी त्याचा टीव्हीवरचा माणूसच पुसून टाकला. आणि त्यांचं ऐकणाऱ्यांत तो स्वतःही होता.

आता सुरुवातीपासून. त्याचा जन्म १६ मे १९१९ चा, विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकीला लागून असलेल्या वेस्ट अ‍ॅलिस गावातला. वडील इटालियन, फ्रेंच हॉर्न वाजवणारे. आई पोलिश घरातली. वडिलांचा शास्त्रीय संगीताचा हट्ट आणि घरात पैशाची ओढाताण, अशा दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. पोरगा दिवसा रियाज करायचा आणि रात्री नाचगाण्याच्या ठिकाणी, मिळेल तिथे वाजवून चार पैसे आणायचा. त्या कामांसाठी त्याने काही दिवस वॉल्टर बस्टरकीज असं नावही घेतलं होतं. १९४० मध्ये, विशीत, तो शिकागो सिंफनी या वाद्यवृंदाबरोबर मिलवॉकीच्या रंगमंचावर लिस्ट या रचनाकाराचा दुसरा कॉन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, वाजवून गेला. म्हणजे हात तयार होता. पुढे त्याला ‘वाजवता येत नाही’ म्हणणारे बरेच भेटले, म्हणून हे सांगून ठेवतो.

पण त्याची खरी वाट त्याच्या आदल्या वर्षीच सापडली होती. १९३९ मध्ये ला क्रॉस नावाच्या गावात त्याची शास्त्रीय मैफल झाली. शेवटी श्रोत्यांतून कुणीतरी त्या काळी सगळ्यांच्या तोंडी असलेल्या तीन माशांच्या बालगीताची फर्माईश केली. त्याने ते वाजवलं, आणि वेगवेगळ्या थोर रचनाकारांच्या शैलीत वाजवून दाखवलं. तोवर अदबीने, हात मांडीवर ठेवून बसलेली माणसं हसायला लागली. आपल्याकडे एखादा कसलेला गवई मैफल रंगात आल्यावर लावणी किंवा सिनेमाचं गाणं रागात बांधून दाखवतो आणि अख्ख्या सभागृहाचे खांदे एकदम सैल होतात, तसंच. तो क्षण लिबराचीने आयुष्यभर सोडला नाही.

यापुढची दहा-बारा वर्षं हॉटेलांमध्ये आणि नाइटक्लबांमध्ये गेली. १९४४ पासून लास व्हेगास, मग न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलची पर्शियन रूम. मेणबत्त्यांचं झुंबरासारखं स्टँड, जे त्याची ओळख झालं, ते त्याने १९४५ च्या, शोपँ या रचनाकारावरच्या एका हॉलिवूड चित्रपटात पाहिलं आणि उचललं. कल्पना साधी, पण क्लबमधल्या धुरात आणि ग्लासांच्या खणखणाटात लोकांची नजर पियानोवर खेचून आणायला पुरेशी.

मग टीव्ही आला, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे.

पियानो हे वाद्य टीव्हीवाल्यांसाठी अवघड. वादक एका कुशीने दिसतो, अंगाचा निम्मा भाग वाद्यामागे जातो, बोटं दाखवायची तर कॅमेरा वर चढवावा लागतो आणि मग चेहरा जातो. चेहरा घेतला तर बोटं जातात. सतारवाल्याचा चेहरा आणि हात एकाच फ्रेममध्ये बसतात. पियानोवाल्याचं तसं नाही. शिवाय बहुतेक वादक पट्ट्यांकडे बघतात, नाहीतर डोळे मिटतात. त्या काळातल्या ट्यूब कॅमेऱ्यांना झगझगीत ठिपका सहन व्हायचा नाही. त्याच्याभोवती काळं वलय उमटायचं. कुठलाही शहाणा दिग्दर्शक म्हणाला असता की पियानो नको, मेणबत्त्या तर अजिबात नकोत.

लिबराचीने यातलं काही मानलं नाही. १९५२ मध्ये लॉस एंजेलिसच्या केएलएसी या स्थानिक केंद्रावर तो आला. तिथले व्यवस्थापक डॉन फेडरसन यांनी त्याला सॅन डिएगोजवळच्या एका हॉटेलात, अगदी थोड्या लोकांसमोर वाजवताना पाहिलं होतं. थोडी माणसं असूनही तो प्रत्येकाशी बोलत वाजवत होता, हे त्यांनी हेरलं. मला त्या फेडरसनचं फार कौतुक वाटतं. टीव्हीचा प्रेक्षक म्हणजे लाखो लोक, असं आजही वाहिन्यांच्या बैठकांत बोलतात. खोलीत बसलेले असतात दोघं-तिघं, आणि बऱ्याचदा एकटंच कुणीतरी. थोड्यांसमोर फुलणारा माणूस टीव्हीवर फुलणार, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

आणि लिबराची लेन्समध्ये बघायचा. उजव्या खांद्यावरून मान वळवून, हसत, बोटं तशीच पळत असताना. मध्येच डोळा मिचकवायचा. हे किती कठीण आहे ते माझ्या अनुभवातून सांगतो. एकदा अभंगांच्या कार्यक्रमात एक वयोवृद्ध गायक होते. हजारोंच्या सभेत न बिचकणारे. स्टुडिओत कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला की त्यांचा सूर हलायचा. मला बोलावून म्हणाले, ‘‘अहो, त्या काचेत कोणी नाहीये. मी कोणासाठी गाऊ?’’ आम्ही शेवटी माइकचा बूम धरणाऱ्या आमच्या मामांना कॅमेऱ्याच्या खाली पाटावर बसवलं आणि बुवा त्यांच्याकडे बघून गायले. सुंदर गायले. पण नजर लेन्सच्या वीतभर खाली राहिली, आणि एडिटला बसल्यावर ती वीत मला प्रत्येक क्लोज-अपमध्ये टोचत राहिली. घरी बघणाऱ्याला ते सांगता येत नाही, पण जाणवतं: हा माणूस माझ्याशी बोलत नाहीये.

लिबराचीला काचेत माणूस दिसायचा. तोही विशिष्ट माणूस: दुपारचं काम आटोपलेली, पोरं मोठी झालेली, नवरा पेपरात डोकं खुपसून बसलेला असताना खुर्चीत टेकलेली बाई. तो तिच्याशी बोलायचा. भावाबद्दल, आईबद्दल, कपड्यांबद्दल. भाऊ जॉर्ज व्हायोलिन घेऊन वाद्यवृंद सांभाळायचा, आई फ्रान्सेसचा उल्लेख असायचाच. शास्त्रीय रचना तो कापून छोट्या करायचा. रशियन रचनाकार चायकोव्हस्कीचा पस्तीस मिनिटांच्या आसपासचा कॉन्चेर्तो तो चारेक मिनिटांत बसवायचा आणि कंटाळवाणा भाग गाळला असं स्वतःच सांगायचा. समीक्षकांचा तिळपापड व्हायचा. मी स्वतः रागाच्या आलापीला कात्री लावून कार्यक्रम वेळेत बसवले आहेत, तेव्हा रडवेला झालोय, त्यामुळे समीक्षकांचा राग मला समजतो. पण त्या खुर्चीतल्या बाईला कुणीतरी पहिल्यांदाच चायकोव्हस्की ‘घे, तुझाच आहे’ म्हणून दिला होता, हेही तितकंच खरं.

१९५२ च्या उन्हाळ्यात एनबीसी या देशव्यापी नेटवर्कने त्याला गायिका डायना शोरच्या जागी पंधरा मिनिटांचा बदली कार्यक्रम दिला. नंतर जे झालं ते धंद्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचं. गिल्ड फिल्म्स नावाच्या कंपनीने त्याचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम फिल्मवर चित्रित केला आणि एका मोठ्या नेटवर्कला न देता देशभरातल्या केंद्रांना सुटा सुटा विकला. याला सिंडिकेशन म्हणतात. ११७ भाग झाले. काही वर्षांतच दोनशेच्या घरात केंद्रं तो दाखवत होती. त्याला एमी हे टीव्हीचे मानाचे पुरस्कार मिळाले. मे १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधरा हजारांवर लोक केवळ एका पियानोवाल्याला ऐकायला जमले. समीक्षकांनी झोडपलं तेव्हा त्याने सांगितलं की मला इतकं लागलं, इतकं लागलं, की बँकेत पोचेपर्यंत मी रडत होतो. हे वाक्य इंग्रजीत म्हणीसारखं रुळलं. १९५५ मध्ये व्हेगासच्या रिव्हिएरा हॉटेलने त्याला आठवड्याला ५०,००० डॉलर दिले.

कपड्यांचंही मूळ असंच कामाचं होतं. १९५२ मध्ये हॉलिवूड बोलच्या प्रचंड खुल्या प्रेक्षागारात वाजवताना मागचे सगळे वादक काळ्या कोटात, म्हणून शेवटच्या रांगेला आपण दिसावं यासाठी त्याने पांढरा कोट घातला. तिथून सोनेरी जरी, तिथून हिरे, तिथून फरच्या झुली. वरकरणी नखरा वाटतो. मला त्यात रंगमंचावरच्या माणसाचा हिशेब दिसतो.

पण सिंडिकेशनचं एक वैगुण्य असतं, ते बाहेरच्यांना कळत नाही. फिल्म पुन्हा पुन्हा दाखवता येते. प्रत्येक केंद्र आपल्या सोयीने दाखवतं, वर पुनःप्रक्षेपण. कलाकार कुठे थांबायचं हे स्वतः ठरवू शकत नाही. तीन-चार वर्षांत तो अमेरिकेच्या डोळ्यांना इतका दिसला की नवेपण उरलं नाही. १९५५ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने त्याला नायक करून चित्रपट काढला: बहिरा होत चाललेला पियानोवादक. तो साफ आपटला. करारातला दुसरा चित्रपट झालाच नाही. मला तरी कारण उघड वाटतं. चित्रपटात नटाने लेन्समध्ये बघायचं नसतं. त्याचा डोळाच काढून घेतला.

आता कुजबुजीकडे येतो. ती पहिल्या दिवसापासून होती. १९५४ मध्ये एका तरुणीशी साखरपुडा जाहीर झाला आणि मोडला. १९५७ मध्ये ‘कॉन्फिडेन्शियल’ या चव्हाट्यावरच्या मासिकाने त्याच्याबद्दल छापलं. त्याने दावा लावला आणि ४०,००० डॉलरवर तडजोड झाली. पण सगळ्यात मोठा घाव लंडनमध्ये बसला होता. सप्टेंबर १९५६ मध्ये तो इंग्लंडला गेला तेव्हा वॉटर्लू स्टेशनवर हजारो बायका जमल्या. ‘डेली मिरर’मध्ये ‘कसांड्रा’ या टोपणनावाने लिहिणारे विल्यम कॉनर यांनी त्याच्यावर स्तंभ लिहिला. विशेषणांची लांबलचक माळ: डोळे मिचकावणारा, अत्तरात भिजलेला, लचकत चालणारा, आणि मध्ये एक शब्द, ‘फळाच्या चवीचा’. इंग्रजी बोलीत ‘फळ’ म्हणजे समलिंगी पुरुषाला दिलेली शिवी. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला, दोघांनाही ती कळत होती.

त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला. जून १९५९ मध्ये लंडनमध्ये खटला चालला. साक्षीच्या पिंजऱ्यात शपथेवर त्याला सरळ विचारलं गेलं की तू समलिंगी आहेस का. तो नाही म्हणाला. कधी तसं वागलास का? आयुष्यात कधीच नाही. ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला आणि ८,००० पौंड भरपाई मिळाली.

ते उत्तर खोटं होतं. लोक यावरून त्याला भित्रा, ढोंगी म्हणतात. मला ते पटत नाही. त्या दिवशी इंग्लंडमध्ये पुरुषांमधले संबंध फौजदारी गुन्हा होते. कायदा बदलला तो १९६७ मध्ये, तोही फक्त इंग्लंड आणि वेल्सपुरता. ‘हो’ म्हणणं म्हणजे गुन्ह्याची कबुली. त्याच राज्यकर्त्यांनी आपल्यावर लादलेलं कलम ३७७ सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द करायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडला. आपण अजून त्याच्या फार पुढे आलोय असं समजून त्याला शिकवायला जाऊ नये.

प्रेक्षक मात्र सगळं बघत होते, आणि बघून प्रेम करत होते. हे आपल्याला परकं नाही. तमाशापटांतला नाच्या गणपत पाटलांनी घराघरांत पोचवला. बायकामुलांचा संसारी माणूस. पण पडद्यावरच्या त्या लचकण्याला हसून दाद देणाऱ्यांनीच तो शिक्का त्यांच्या दारापर्यंत नेला, आणि घरच्यांनाही बोलणी ऐकावी लागली. त्यांच्याबाबतीत भूमिकेचा शिक्का माणसावर बसला. लिबराचीच्या बाबतीत माणूस भूमिकेत उघडउघड बसला होता आणि शिक्का तेवढा नाकारायचा होता. दोन्हीकडे नियम एकच: दाखव, पण बोलू नकोस.

आता खाली येण्याची गोष्ट. ऑक्टोबर १९५८ मध्ये एबीसी या नेटवर्कवर दुपारचा अर्ध्या तासाचा नवा कार्यक्रम सुरू झाला. या वेळी केस कापलेले, जरी गेली, हिरे गेले, साधे कोट-टाय आले. मेणबत्त्यांचा थाट आवरता घेतला. टीका आणि कुजबुज दोन्ही शांत व्हावीत म्हणून केलेली ही साफसफाई. सहा महिन्यांत, एप्रिल १९५९ मध्ये, कार्यक्रम बंद.

मी या प्रकाराला नावही ठेवू शकत नाही, कारण मी ते केलं आहे. एका कार्यक्रमात एक निवेदक होता. बोलताना हात फार नाचवायचा, आवाज किंचित बायकी. वरून निरोप आला की ‘जरा आवरायला सांगा.’ मी त्याला सांगितलं. त्याने आवरलं. चार भागांनंतर तो पडद्यावर दिसत होता, पण तिथे कुणी नव्हतं. प्रेक्षकांची पत्रं आली, त्यांतल्या एका आजींनी लिहिलं होतं, ‘‘त्या मुलाला बरं नाही का?’’ आपण दिग्दर्शक म्हणून काय केलं हे मला त्या पोस्टकार्डाने कळलं. आजही त्याची माफी मागावीशी वाटते. म्हणून लिबराचीच्या त्या सहा महिन्यांबद्दल वाचताना मला ते एबीसीचं अपयश आकड्यांचं वाटत नाही. त्या खुर्चीतल्या बाईला वाटलं असेल, याला बरं नाही का?

सावरायला त्याला मरणाच्या दारातून जावं लागलं, तेही अक्षरशः. नोव्हेंबर १९६३, पिट्सबर्ग. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येच्या सुमारास तो कोसळला. हॉटेलच्या बंद खोलीत त्याने आपले पोशाख कार्बन टेट्राक्लोराइड या ड्रायक्लीनिंगच्या द्रवाने स्वतः साफ केले होते. त्या वाफांनी मूत्रपिंडं निकामी झाली. धर्मगुरूला बोलावून मरणासन्न माणसासाठीच्या शेवटच्या प्रार्थनाही झाल्या. तो वाचला. आणि त्यानंतर त्याने साधेपणा कायमचा सोडला. पोशाख वाढत गेले, सोळा फुटांचा पायघोळ फरचा झगा आला, रंगमंचावर रोल्स रॉइस आली, तारेला लटकून उडणं आलं. १९७० च्या दशकात व्हेगासचं हिल्टन हॉटेल त्याला आठवड्याला ३,००,००० डॉलर देत होतं. १९७९ मध्ये व्हेगासमध्येच त्याने स्वतःचं संग्रहालय उघडलं. टीव्हीवर तो पाहुणा म्हणून येत राहिला, १९६६ मध्ये ‘बॅटमॅन’मध्ये दुहेरी भूमिकाही केली, पण स्वतःचा, घरात शिरणारा तो कार्यक्रम अमेरिकेत पुन्हा तसा उभा राहिला नाही. त्याचं खरं नुकसान मी यालाच म्हणतो.

शेवटचा भाग पटकन सांगतो, कारण त्यावर इतरांनी भरपूर चघळलं आहे. स्कॉट थॉर्सन हा तरुण काही वर्षं त्याच्याबरोबर राहिला. १९८२ मध्ये संबंध तुटल्यावर त्याने ११.३ कोटी डॉलरचा दावा लावला. लिबराचीने नातं नाकारलं. १९८६ मध्ये रोख ७५,००० डॉलर, तीन गाड्या आणि तीन कुत्रे, यावर प्रकरण मिटलं. त्याच शरदात तो आजारी अवस्थेत न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये उभा राहिला. २ नोव्हेंबर १९८६ चा प्रयोग शेवटचा. जानेवारीत लास व्हेगासच्या एका वर्तमानपत्राने त्याला एड्स झाल्याचं छापलं, तेव्हा त्याच्या माणसांनी कलिंगडाच्या आहारामुळे अशक्तपणा आला असं सांगितलं. ४ फेब्रुवारी १९८७ ला पाम स्प्रिंग्जच्या घरी तो गेला. वय ६७. डॉक्टरांच्या दाखल्यावर हृदय बंद पडल्याचं कारण होतं. रिव्हरसाइड काउंटीच्या कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची कारणं तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, तो दाखला मान्य केला नाही, शव परत मागवून तपासणी केली आणि पत्रकारांना बोलावून एड्समुळे झालेला न्यूमोनिया असं जाहीर केलं. आयुष्यभर जे त्याने स्वतःच्या तोंडून काढलं नाही, ते त्याच्या देहातून काढून कॅमेऱ्यांसमोर वाचलं गेलं. हे वाचताना मला दर वेळी राग येतो. साथरोगाची नोंद खरी असायला हवी, हे मान्य. पण ती ज्या थाटात केली गेली, तो मला मान्य नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला: नाही, लोकांना कळलं म्हणून तो पडला नाही. १९८४ ते ८६ अशी तीन वर्षं रेडिओ सिटीला गर्दी करणाऱ्या लोकांनी थॉर्सनच्या दाव्याच्या बातम्या वाचल्या होत्या. तरी ते तिकीट काढून आले.

त्याचे १९५३-५५ चे भाग आजही बघायला मिळतात. बघाल तर पहिल्यांदा आवाज बंद करून बघा. एका रचनेत तो पट्ट्यांकडे किती वेळा बघतो ते बोटांवर मोजा. मी मोजलं आहे, एका हाताची बोटं पुरली. मग आवाज लावा आणि तोच भाग पुन्हा बघा. आणि शक्य असेल तर शेजारी आईला किंवा आजीला बसवा, आणि अधूनमधून पडद्याऐवजी त्यांच्याकडे बघा.